ऐकणाऱ्याने खणायचं नाही

खातीपुरा, जयपूर
बुधवार, १४ जानेवारी १९८७

विलास भावजी,

आज संक्रांत. सकाळी पाणी भरलं, देवाला दिवा लावला. यंदा वडी केली नाही. शेजारच्या कलावतीबाईंनी वाटीभर तिळगूळ पाठवला, तो झाकून ठेवला आहे. नंतर चांदपोलहून चौमूची बस धरली आणि भूऱ्या टीब्यावर जाऊन आले. हे जिथे पडले तिथे फुलं ठेवली. गावातली सगळी माणसं गच्च्यांवर पतंग उडवत होती, टेकाडावर कोणी नव्हतं. दिवस मावळताना परत आले. आपल्या गच्चीवरही कापलेले पतंग येऊन पडले आहेत. ओरडा फार आहे, म्हणून खिडक्या लावून लिहिते आहे.

तुम्ही आबू रोडला हजर झालात हे मंडळातल्या खंडेलवालजींनी सांगितलं. बदली झाल्याचं तुम्ही मला सांगितलं नाहीत. सांगायला हवं होतं असं नाही. मी फक्त लिहिते.

त्या दिवशी स्मशानातून आल्यावर तुम्ही दारात उभे राहून मला म्हणालात, "वहिनी, आण्णांची अंगठी होती ती. एवढं एक सांभाळायचं होतं." सगळे ऐकत होते. उत्तर आता लिहिते.

ह्यांनी यंत्र हातात घेण्याआधी नेहमीसारखी अंगठी काढली, घड्याळ काढलं आणि माझ्याकडे दिलं. अंगावर धातू असला की यंत्र त्याच्यावरच ओरडतं, हे तुम्हाला माहीत आहेच. घड्याळ मी पिशवीत ठेवलं. मामंजींची अंगठी पदराला बांधली. इतकी वर्षं तशीच बांधत आले. मी झेंड्या घेऊन मागे चालत होते. हे खाली बसले तेव्हा मला वाटलं बुटाची नाडी बांधतायत. मग आडवे झाले. मी पळत गेले, पदर ओला करून तोंडावर फिरवला, पदराने वारा घातला. गाठ कधी सुटली ते मला कळलं नाही. गाडीत बसल्यावर पदराचं टोक हाताला लागलं, ते मोकळं होतं.

एवढंच झालं. तुम्ही विचारलं होतंत, म्हणून लिहिलं.

लता म्हणते, आई, साताऱ्याला ये. अजून ठरवलेलं नाही.

गिरिजावहिनी


खातीपुरा, जयपूर
सोमवार, २ फेब्रुवारी १९८७

विलास भावजी,

काल आपल्या इतिहास मंडळाची मंडळी डिसेंबरनंतर पहिल्यांदा टीब्यावर गेली. मलाही नेलं. नंदकिशोरजी स्वतः घ्यायला आले होते. "भाभीजी, आप नहीं आएँगी तो झंडी कौन लगाएगा?" असं म्हणाले, म्हणून गेले.

मागच्या पत्रात मी फुलं ठेवली असं लिहिलं होतं. फुलं ठेवली हे खरं आहे. पण मी यंत्र घेऊन गेले होते.

पेटी पलंगाखालीच होती. मी ती चादरीत बांधली. बसमध्ये कंडक्टरने विचारलं, यात काय आहे. मी म्हटलं, शिलाईचं मशीन. तो म्हणाला, "माताजी, त्योहार के दिन भी सिलाई?" पुढची माणसं हसली. मी पण हसले.

मला यंत्र कधी चालवता आलं नसतं, कारण माझ्या गळ्यात मंगळसूत्र, पायात जोडवी. मी नेहमी मागे. आता अंगावर धातूचा तुकडा राहिलेला नाही. हेडफोन लावले, ह्यांच्यासारखी बटणं फिरवली, आणि यंत्र शांत झालं. ते शांत झालं तेव्हा मला कसंतरीच झालं. ते लिहीत नाही.

हे पडले त्या जागेपासून त्या दिवशी गाडी उभी होती तिथपर्यंत मी तबकडी फिरवत गेले. खणायला आखलेल्या चौकोनाच्या कडेला आवाज आला. स्वच्छ, बारीक. मला वाटलं अंगठीच. तुमची खुरपी पेटीतच होती. मी खणलं.

ह्यांचं म्हणणं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकलं आहे. पलटणीत सुरुंग शोधताना ज्याच्या कानाला आवाज येतो त्याच्या हातात खुरपी देत नाहीत. आवाज ऐकलेल्या माणसाला घाई होते. तो फक्त थांबतो, दुसरा झेंडी लावतो, तिसरा येऊन सावकाश उकरतो. मंडळात आल्यावर ह्यांनी पहिला नियम हाच करायला लावला. आवाज ह्यांचा, झेंडी माझी, खुरपी तुमची. आणि खुरपीसुद्धा नंदकिशोरजींनी मातीचा थर पाहून हो म्हटल्यावर. मला हे सगळं पाठ होतं. मी तिथे गुडघ्यांवर बसून एकटीने तिन्ही केलं.

अंगठी नव्हती. तांब्याची नाणी होती, एकमेकांना चिकटून गोळा झालेली, हिरवीगार. एका बाजूला कापडाची वीण उमटली होती. कोणीतरी फडक्यात बांधून ठेवली असणार. माझ्या हातात गोळा दुभंगला. मी घाबरले. दोन्ही तुकडे परत खड्ड्यात ठेवले, माती लोटली, पायाने दाबली, वर फुलं ठेवली. फुलं त्यासाठी ठेवली होती.

काल नंदकिशोरजी त्या जागी गेले, चष्मा वर केला, आणि गुडघ्यांवर बसले. मग म्हणाले, खालची राखट माती वर आली आहे आणि वरची पिवळी खाली गेली आहे, हे उकरून परत भरलेलं आहे. त्यांनी ब्रशने वरवर काढलं, तुकडे दिसले, तसंच झाकलं. जवळून कोणाला पाहू दिलं नाही. म्हणाले, ही नाणी कुठल्या जमिनीवर ठेवली होती ते कळलं असतं तर घर केव्हाचं ते कळलं असतं. आता ती नुसती नाणी. खंडेलवालजी म्हणाले, "और जिसने वापस भर दिया, उसने तो और कमाल किया. चोर ले जाता तो कम से कम गड्ढा तो सच बोलता."

मी तिथे उभी होते. हातात झेंड्या होत्या.

कोणी केलं यावर परतीच्या वाटेवर बोलणं झालं. गावकरी नसणार, कारण नेमकं आवाजाच्या जागी खणलं आहे. म्हणजे यंत्र वापरलं. पेटीची किल्ली एक माझ्याकडे, एक तुमच्याकडे. खंडेलवालजी म्हणाले, "भाभीजी तो झंडीवाली हैं," आणि तिथेच माझा विषय संपला. तुमचं नाव कोणी घेतलं नाही, पण दुसरी किल्ली कोणाची ते सगळ्यांना माहीत होतं.

पुरातत्त्व खात्याने आपल्याला परवानगी मंडळाच्या शब्दावर दिली आहे, हे तुम्ही जाणता. मंडळाने आपल्यातला दोषी स्वतः शोधून काढायचा, खात्याला नाव कळवायचं, तो सरकारी नोकर असेल तर त्याच्या ऑफिसलाही. सगळे मिळून झाकू लागले तर यंत्रावर बंदी येईल. तसा ठराव ह्यांनीच मांडला होता. आठ मार्चला सभा आहे.

मी काल बोलले नाही. गाडी घरासमोर थांबेपर्यंत मी म्हणत होते, आता बोलते. मग उतरले आणि "नमस्ते" म्हटलं.

तुम्हाला हे कळलं पाहिजे म्हणून लिहिते. सभेच्या आधी मी सांगेन.

गिरिजावहिनी


खातीपुरा, जयपूर
सोमवार, २३ फेब्रुवारी १९८७

विलास भावजी,

खंडेलवालजी कामासाठी अहमदाबादला गेले होते, येताना आबू रोडला उतरून तुम्हाला भेटले. काल ते विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या कारखान्यातून सरळ इकडे आले. हाताला अजून ग्रीस होतं. माती चाळायच्या नव्या चाळण्या तयार झाल्या हे सांगायला आलो म्हणाले. ते कारण नव्हतं.

मी चहा ठेवला. ते म्हणाले, "भाभीजी, बुरा मत मानिए. मैंने विलासजी से सीधा पूछा. प्लॅटफॉर्म पर खड़े थे. बोले, हाँ, मैंने ही खोदा, लिख लो. मैंने पूछा, क्यों? बोले, क्यों का क्या करोगे? चाय पिओगे?"

मग म्हणाले, तुमची बढतीची परीक्षा झाली आहे, निकाल यायचा आहे, आणि आता रेल्वेला पत्र जाणार. "हनुमंतजी का भाई. हमको भी अच्छा नहीं लग रहा. पर हनुमंतजी ही कहते थे, अपना हो तो पहले लिखो."

चहा उतू गेला. मी गॅस पुसत राहिले. ते म्हणाले, "आप रोइए मत." मी रडत नव्हते.

भावजी, मी तुम्हाला सगळं लिहिलं होतं. ते पत्र मिळालं नसतं तर तुम्ही असं बोलला नसता. म्हणजे ते मिळालं. तुम्ही मला उत्तर देत नाही. चार ओळी लिहीत नाही. अंगठीबद्दल सगळ्यांसमोर बोललात ते मागे घेत नाही. माझ्याशी बोलायचं नाही, पण माझ्यासाठी खोटं बोलायचं, हे मला समजत नाही. हे तुम्ही भावासाठी केलंत की माझ्यासाठी, की मला आयुष्यभर खाली मान घालून ठेवायला, तेही समजत नाही. रागाने लिहिलं. खोडत नाही.

आणि तरी मी काल खंडेलवालजींना काही सांगितलं नाही. ते दारात चपला घालत होते. मला वाटलं, निकाल लागून जाऊ दे, रेल्वेचं पत्र उशिरा जाईल, काहीतरी होईल. मग वाटलं, ह्यांच्या बायकोनेच हे केलं असं टीब्यावर दर रविवारी बोलतील. ह्यांचं नाव घेताना आधी हसतील. म्हणून गप्प बसले. तुम्ही मला आडोसा दिलात आणि मी त्याच्यात शिरून बसले.

सुलोचनाला काय सांगितलंत? तुमच्या बायकोला तरी खरं सांगितलंत का? तिला सांगा. ती मला नावं ठेवेल, ठेवू दे.

गिरिजा


खातीपुरा, जयपूर
सोमवार, ९ मार्च १९८७

विलास भावजी,

काल सभा झाली. नंदकिशोरजींच्या अंगणात, सतरंज्या घालून. मंडळाची रीत तुम्ही पाहिली आहे. ज्याच्यावर ठपका आहे त्याची जागा रिकामी ठेवतात, तो आला नाही तरी. तुमच्यासाठी तांब्याभर पाणी आणि पेला ठेवला होता. माझी जागा त्याच्या शेजारी आली, मुद्दाम नाही.

नंदकिशोरजींनी ह्यांचे नियम वाचून दाखवले. आवाज चढला नाही. मग म्हणाले, विलास जगदाळेंनी कबूल केलं आहे, कोणाला काही म्हणायचं आहे?

मी उभी राहिले. म्हटलं, विलास भावजींनी नाही, मी खणलं. संक्रांतीला.

तुम्हाला वाटेल मोठा गलका झाला. काहीच झालं नाही. नंदकिशोरजी अगदी मायेने म्हणाले, "भाभीजी, बैठ जाइए. देवर के लिए आपका मन हम समझते हैं." पाठीमागून कोणीतरी हळूच म्हणालं, भाभीला यंत्र उचलता तरी येतं का. मी परत सांगितलं. त्यांनी परत मान हलवली. माझ्यावर विश्वास नाही असं नव्हतं. मला ते येत असेल यावर विश्वास नव्हता. त्या क्षणी बसले असते तर सुटले असते. बसायची इच्छा झाली, हे खोटं सांगणार नाही.

पेटी मी सोबत नेली होती, परत द्यायची म्हणून. मी ती तिथेच उघडली. दांडा जोडला, तबकडी बसवली, हेडफोन लावले. बटणांवर हात सवयीने जात होते. इतकी वर्षं मागून पाहिलं ते वाया गेलं नव्हतं. अंगणाच्या कडेने चालले. तुळशीपाशी आवाज आला. मी थांबले. झेंडी लावायला कोणी नव्हतं, म्हणून मी उभीच राहिले. खंडेलवालजी उठले, माझ्या पिशवीतली झेंडी घेऊन लावली, आणि नंदकिशोरजींच्या सुनेने कालथ्याने उकरलं. खिळा निघाला. कोणी हसलं नाही.

मग नंदकिशोरजींनी एकच विचारलं. "नीचे क्या था?"

मी म्हटलं, एका बाजूला कापडाची वीण. माझ्या हातात मोडलं. लहान तुकडा आधी ठेवला, मोठा वर.

त्यांनी चष्मा काढला. कापडाचं त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

ते चष्मा पुसू लागले. "हनुमंतजी की अँगूठी के लिए?" एवढं म्हणाले. मी हो म्हटलं. "आप हमसे कह देतीं. हम चार लोग चलते, झंडी लगाते, पूरी मिट्टी छान देते." भावजी, हे मला सुचलंच नव्हतं. माझ्या डोक्यात एवढंच होतं की मी हरवली, मीच शोधली पाहिजे, तुमच्या हातावर आणून ठेवली पाहिजे, आणि मग तुम्ही बोलाल. मंडळी याच कामासाठी आहेत, हे मी विसरले.

ठराव असा झाला. माझं नाव मंडळातून कमी. खात्याला माझ्या नावाने पत्र, काय झालं ते सगळं लिहून, तुकड्यांसकट. खात्याने काही कारवाई केली तर ती माझ्यावर. रेल्वेला पत्र जाणार नाही. खंडेलवालजींनी मध्ये म्हणून पाहिलं, "भाभीजी का मामला है, माफ़ कर दो, अब कौन सा रोज़ करेंगी." नंदकिशोरजी म्हणाले, "माफ़ तो मैंने कर दिया. पर नियम मेरा नहीं है, उनका है जो चले गए." मीच हात वर केला. माझ्या विरुद्ध मीच मत दिलं असं होतं ते. सगळ्यांनी केला.

आणि तुम्हालाही वर्षभर बाहेर ठेवलं आहे. मंडळापुढे खोटं कबूल केलंत म्हणून. मी बोलले तर तुम्ही पूर्ण सुटाल असं मी धरून चालले होते. तसं झालं नाही. त्यांचं म्हणणं, दोषीला झाकणारा आणि दोष ओढून घेणारा, दोघांमुळे खरं काय ते कळत नाही. ही शिक्षा तुम्हाला माझ्यामुळे झाली. मी पहिल्याच रविवारी गाडीत बोलले असते तर खंडेलवालजींनी तुम्हाला विचारलंच नसतं.

यंत्र त्यांच्याकडे राहिलं. घरी येताना हात मोकळे होते. रिक्षातून पेटी नाही म्हणून दोनदा मागे वळून पाहिलं.

गिरिजावहिनी


खातीपुरा, जयपूर
सोमवार, ३० मार्च १९८७

विलास भावजी,

आज पाडवा. गुढी नाही. कलावतीबाई येऊन कडुलिंबाची पानं देऊन गेल्या, ती खाल्ली. पंखा लावावा लागतो आता.

काल मंडळींनी तो चौकोन रीतसर उघडला. सगळी माती नव्या चाळण्यांमधून गेली, गाडीच्या वाटेवरचीसुद्धा. अंगठी मिळाली नाही. खंडेलवालजी सांगायला आले होते, फाटकापाशीच उभे राहिले. आत या म्हटलं तर म्हणाले, आज नको. मग म्हणाले, पुढच्या रविवारी पलीकडच्या अंगाने चाळतो. मी म्हटलं, माझ्यासाठी नको, चौकोन सोडून एक खडाही हलवू नका. ते म्हणाले, "अब आप हनुमंतजी जैसी बात कर रही हैं." मला ते आवडलं नाही. मी तशी नाही.

नाण्यांचं काय झालं तेही सांगितलं त्यांनी. दोन तुकडे जुळतात. पण कुठल्या घरातली ते आता कळणार नाही. नंदकिशोरजी जे टिपण लिहितात त्यात तेवढी जागा ते कोरी सोडणार आहेत आणि कोरी का आहे ते लिहिणार आहेत.

तुम्ही आता उत्तर द्यावं म्हणून हे लिहीत नाही. आण्णांची अंगठी माझ्याकडून गेली. ती मी तुम्हाला परत देऊ शकत नाही. तुमचा निकाल लागला हे लताच्या पत्रातून कळलं. सुलोचनाला माझा आशीर्वाद सांगा.

झेंड्या अजून माझ्याकडे होत्या. आज धुतल्या. तीन-चारांचा रंग गेला आहे, त्या माझ्या जुन्या लाल लुगड्याच्या आहेत. वाळत घातल्या आहेत. संध्याकाळी घड्या करून खंडेलवालजींकडे पाठवीन. मला आता त्या लावायच्या नाहीत, पण कोणाला तरी लागतील.

डिसेंबरपासून मी पदराला काही बांधत नव्हते. घराची किल्ली मुठीत धरून बाजारात जायचे, भाजी घेताना ती तोंडात धरायचे. दूधवाल्याने एकदा विचारलंही होतं, माताजी, हाथ में क्या है.

हे पत्र पेटीत टाकायचं आहे आणि दूध आणायचं आहे. किल्ली आत्ताच पदराला बांधली. गाठ ओढून पाहिली. परत एकदा पाहिली. आता निघते.

गिरिजावहिनी